एक्यूआय हिरवा, मग जाळीवरचा थर काळा कसा?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही नागपुरात मानेवाडा भागात दुसऱ्या मजल्यावर राहतो. मोबाईलवर शहराचा एक्यूआय बहुतेक दिवस हिरवा नाहीतर पिवळा दिसतो. तरी डिसेंबर-जानेवारीत खिडकीच्या जाळीवर काळा, चिकट थर बसतो. उन्हाळ्यात बसतो तो भुरा आणि कोरडा असतो. मुलाला खोकलाही हिवाळ्यातच लागतो. लोक म्हणतात कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राची राख आहे. आकडा ठीक असेल तर हा थर कशाचा? हवेतली घातक रसायनं म्हणजे नेमकी कोणती? आणि घरी मोजायला मीटर घ्यावं का?"

ताई, जाळीवर तुम्हाला जे दिसतं तेच आम्हाला फिल्टरवर दिसतं. हवेतले कण गोळा करून त्यातले धातू आणि सेंद्रिय विषं मोजणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुम्ही रंग आणि चिकटपणा दोन्ही नोंदवलेत हे फार चांगलं केलंत, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे.

आधी एक्यूआयबद्दल, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाबद्दल. त्यातला पीएम २.५ चा आकडा म्हणजे एक घनमीटर हवेत २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचं वजन किती, एवढंच. चोवीस तासांची सरासरी ३१ ते ६० मायक्रोग्रॅम असली की आपल्याकडे 'समाधानकारक', ६१ ते ९० असली की 'मध्यम'. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये याच चोवीस तासांसाठी १५ मायक्रोग्रॅमची पातळी सुचवली आहे. म्हणजे आपला फिकट हिरवा रंग त्यांच्या पातळीच्या चौपटीपर्यंत चालतो. पण माझी खरी तक्रार या पट्ट्यांबद्दल नाही. चौकातल्या यंत्राला कण कशाचे बनलेत हे कळतच नाही. ते फिल्टरच्या पट्टीवर कण बसवतं, त्यातून बीटा किरण सोडतं आणि किती किरण अडले यावरून वजन काढतं. त्याला शेतातली माती आणि जळलेल्या टायरची काजळी सारखीच.

प्रत्यक्ष आकड्यांत बघा. आमचा बारीक कणांचा सॅम्पलर मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे चोवीस तासांत २४ घनमीटर. हवेत पीएम २.५ साठ मायक्रोग्रॅम असेल तर दिवसभरात फिल्टरवर जेमतेम दीड मिलिग्रॅम ऐवज जमतो. त्याच हवेत बेन्झो-ए-पायरीन हे कर्करोगकारक रसायन कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेवर, म्हणजे घनमीटरला १ नॅनोग्रॅम असेल, तर ते फिल्टरवर येतं २४ नॅनोग्रॅम. साठ हजारांत एक भाग. हे दुप्पट झालं, पाचपट झालं, तरी एकूण वजनात काडीचा फरक पडत नाही आणि तुमच्या मोबाईलवरचा रंग बदलत नाही. दोन दिवसांचा पीएम २.५ अगदी सारखा आणि एका दिवसाच्या धुळीत हे रसायन दुसऱ्या दिवसाच्या कितीतरी पट, असं होऊ शकतं.

हे मोजायचं असतं हे कायद्यालाही मान्य आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषकं आहेत. त्यात शिसं आहे (वर्षाची सरासरी ०.५ मायक्रोग्रॅम), आर्सेनिक आहे (६ नॅनोग्रॅम), निकेल आहे (२० नॅनोग्रॅम), बेन्झीन आहे आणि कणांवर बसलेलं बेन्झो-ए-पायरीनही आहे. पण एक्यूआयमध्ये घेतली गेली आठ. बेन्झीन, बेन्झो-ए-पायरीन, आर्सेनिक आणि निकेल त्यात नाहीत. शिसं आहे, पण ते फिल्टर प्रयोगशाळेत नेऊनच कळतं, म्हणून तासातासाला बदलणाऱ्या आकड्यात तेही येत नाही. जी विषं नावानिशी कायद्यात आहेत तीच लोकांच्या नजरेआड राहिली आहेत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमचा काळा थर. मे महिन्यातला फिल्टर चिमट्यानं उचलून उजेडात धरला तर तो तांबूस-भुरा दिसतो. कोरडी माती, रस्त्यावरची खडी-सिमेंटची पूड, उन्हाळी वाऱ्यानं उडालेली धूळ असते ती. कण त्यामानानं जाड, म्हणजे पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) वाढतो. जानेवारीतला फिल्टर काळाशार असतो. त्याचा तुकडा टोल्यूइन किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये टाकून ध्वनिलहरींच्या पात्रात हलवला की द्रावण फिक्या कोऱ्या चहासारखं पिवळसर-तपकिरी होतं. मातीचा रंग त्या द्रावणात उतरत नाही. तो रंग अर्धवट जळलेल्या पदार्थांचा, म्हणजे डांबरी, तेलकट सेंद्रिय संयुगांचा. तुमची जाळी चिकट का होते याचं उत्तर तेच.

म्हणूनच 'कोराडीची राख' हे उत्तर या थरापुरतं मला पटत नाही. औष्णिक केंद्राची उडती राख करडी, कोरडी आणि भुरभुरीत असते. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या गोल मण्यांसारखे कण दिसतात. बॉयलरमध्ये कोळसा प्रचंड तापमानाला जवळजवळ पूर्ण जळतो, त्यामुळे तिथून काजळी आणि पीएएच (अर्धवट जळण्यातून बनणारी सेंद्रिय संयुगं, त्यांच्याबद्दल पुढे) त्यामानानं कमी निघतात. शिवाय उंच धुराड्यातून सुटलेला धूर हिवाळ्याच्या रात्री बऱ्याचदा थंड हवेच्या थराच्या वरच राहतो. तुमच्या जाळीपर्यंत येतं ते जमिनीलगत पेटलेलं. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांचा वाटा वेगळा आणि गंभीर आहे, त्याकडे येतोच.

पीएएच म्हणजे पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन: दोन किंवा जास्त बेन्झीनच्या कड्या एकमेकींना जोडलेली संयुगं. यातलं सगळ्यात लहान, दोन कड्यांचं नॅफ्थलीन तुमच्या ओळखीचं आहे. कपाटात ठेवायची जुन्या पद्धतीची डांबरगोळी तीच. ती हवेत विरून जाते, कारण कमी कड्यांचे पीएएच सहज वायू होतात. चार कड्यांपासून पुढे ते जड होत जातात आणि काजळीच्या कणावर चिकटून बसतात. बेन्झो-ए-पायरीन पाच कड्यांचं आहे. ते श्वासातून फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतं ते कणावर स्वार होऊन.

पुरेसा प्राणवायू न मिळता काहीही सेंद्रिय जळलं की पीएएच तयार होतात. भडकलेल्या जाळापेक्षा धुमसणारी आग यात जास्त वाईट. ओला पालापाचोळा, त्यात चार प्लास्टिकच्या पिशव्या, वरून पाणी मारून अर्धवट विझवलेला ढीग आणि तासन्‌तास निघणारा पांढुरका धूर हा पीएएचचा सगळ्यात सोपा कारखाना आहे. पांढऱ्या धुराला लोक निरुपद्रवी समजतात, तसं अजिबात नाही. ढिगात पीव्हीसी असेल, म्हणजे जुने पाइप, वायरीचं आवरण, रेक्झिन, तर क्लोरीनमुळे डायॉक्सिन ही अतिविषारी संयुगंही बनतात.

शरीरात काय होतं तेही सांगतो, कारण 'कर्करोगकारक' हा शब्द आपण ऐकून ऐकून बोथट केलाय. शरीर हे तेलकट रसायन पाण्यात विरघळेल असं करून बाहेर टाकू पाहतं. त्या खटपटीत आपल्याच विकरांकडून (एन्झाइम) त्याचं एक चपळ रूप तयार होतं, डायॉल इपॉक्साइड, आणि ते डीएनएमधल्या ग्वानिनला जाऊन चिकटतं. बहुतेक वेळा पेशी ते दुरुस्त करते. जिथे दुरुस्ती चुकते तिथे पुढचं संकट सुरू होऊ शकतं. काजळी आणि कर्करोग यांचा संबंध लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकानं १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये दाखवला होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०१३ मध्ये बाहेरची प्रदूषित हवा व तिच्यातले कण पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे, म्हणून नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं आयुष्यभर घनमीटरला १ नॅनोग्रॅम बेन्झो-ए-पायरीन असलेली हवा घेतली तर लाखामागे सुमारे ९ जणांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा जास्तीचा धोका असतो. एका माणसासाठी हा आकडा लहान वाटेल. पंचवीस-तीस लाखांच्या शहरासाठी तो लहान नाही.

मग नागपुरात हे येतं कुठून? डिझेलचे ट्रक आहेतच. वाडीचं ट्रान्सपोर्टचं जाळं, कळमन्याच्या बाजारात रात्री येणारा माल, वर्धा रोड, रिंग रोड. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं, डिझेलमधलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं, नव्या गाड्यांना काजळी अडवणारे फिल्टर आले. पण जुने ट्रक, ट्रॅक्टर आणि जनरेटर अजून रस्त्यावर आहेत. त्यात भर हॉटेलांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या, तंदूर, दहनघाटावरची लाकडं, आणि उन्हाळ्यात कचरा डेपोला लागणारी आग. तरी माझं स्पष्ट मत आहे की आपल्या शहरात वस्तीतल्या छोट्या छोट्या आगींना कमी लेखलं जातं. पहाटेची शेकोटी, चौकीदाराची शेगडी, झाडलोट करून कोपऱ्यात पेटवलेला ढीग, फेब्रुवारी-मार्चच्या पानझडीत कडुनिंबाचा आणि पिंपळाचा पाचोळा. एकेक आग किरकोळ, पण ती आपल्या नाकाच्या उंचीवर आणि खिडकीपासून पन्नास फुटांवर असते. ट्रकचा धूर वाऱ्यात मिसळून तुमच्यापर्यंत येतो, ही आग थेट येते.

हिवाळ्यात हे साचतं, कारण रात्री जमीन भराभर थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. वाराही मंद. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत ते झाकण उठत नाही. त्यामुळे संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी नऊच्या आधी धूर खालीच फिरतो. चोवीस तासांच्या सरासरीत हे तास बुडून जातात. मुलं मात्र बहुतेक नेमकी याच वेळी शाळेच्या ऑटोत बसतात.

एक गोष्ट अहवाल वाचणाऱ्यांसाठी. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकतो तेव्हा चालू सॅम्पलरमधल्या फिल्टरवरचे हलके पीएएच चक्क उडून जातात. म्हणून फिल्टरच्या मागे फोमचा बोळा लावून वायुरूपातलं पकडावं लागतं. फिल्टर लगेच अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवावा लागतो, कारण उजेड आणि ओझोन बेन्झो-ए-पायरीनची मोडतोड करतात. हे न करता काढलेला 'मे महिन्यात पीएएच नगण्य' असा निष्कर्ष मला मान्य नाही. तो हवेचा गुण नसून नमुना हाताळण्याचा दोष असू शकतो.

आता धातू, आणि इथे कोराडी-खापरखेडा येतात. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण भरपूर, साधारण ३० ते ४५ टक्के. भट्टीत आर्सेनिक, सेलेनियम, शिसं, कॅडमियम यांची वाफ होते आणि धूर थंड होताना ती वाफ राखेच्या कणांवर गोठते. सगळ्यात बारीक कणांना वजनाच्या मानानं पृष्ठभाग जास्त, म्हणून त्यांच्यावर धातू जास्त जमतात. विजेवर चालणारी धूळ पकडणारी यंत्रणा जाड राख उत्तम पकडते. निसटतात ते मुख्यतः हेच बारीक, धातूंनी लगडलेले कण. म्हणून राख वजनानं ९९ टक्के पकडली जाणं महत्त्वाचं असलं तरी तेवढ्यावर धातूंचा प्रश्न मिटत नाही. राखेचे तलाव सुकून उन्हाळी वाऱ्यात उडणं हा आणखी वेगळा त्रास. कोराडी, खापरखेडा, खसाळा-वारेगाव पट्ट्यातल्या लोकांना तो मी समजावून सांगायची गरज नाही.

शहरातल्या धातूंची ओळख त्यांच्या जोडीदारांवरून पटते. जस्त टायर झिजून येतं, तांबं, अँटिमनी आणि बेरियम एकत्र दिसले तर ब्रेकची पूड. विद्युत वाहनांनी धूर थांबेल पण टायर झिजायचे थांबणार नाहीत. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं आणि हवेतलं शिसं खूप खाली आलं, हे आपल्या काळातलं खरं यश आहे. आज ते कुठे वाढलेलं दिसलं तर मी बॅटऱ्या फोडून वितळवणारे, वायरी जाळून तांबं काढणारे आणि जुना रंग खरवडणारे शोधतो. पोटॅशियम आणि लेव्होग्लुकोसान (लाकडातलं सेल्युलोज जळून बनणारं संयुग) एकत्र वाढले की लाकूड-पाचोळा जळतोय. निकेल आणि व्हॅनेडियमची जोडी सहसा जड इंधन तेलाकडे बोट दाखवते.

सहसा म्हणालो, कारण नागपुरात इथे पाय घसरतो. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट आहे, पूर्वेला जुने ग्नाइससारखे खडक. बेसाल्टपासून झालेल्या आपल्या काळ्या मातीत लोह, टायटॅनियम, व्हॅनेडियम, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त. तसंच मँगनीजचं. मनसर, कांद्री, गुमगाव इथे त्याच्या खाणी आहेत, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या धुळीत मँगनीज दिसलं की लगेच कुठल्या कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही. पृथ्वीच्या कवचाची जागतिक सरासरी घेऊन 'इतक्या पट जास्त' असं गणित मांडलं तर नागपूरची साधी मातीही दोषी ठरते. तुलना इथल्याच मातीच्या नमुन्याशी हवी. बातम्यांत 'हवेत अमुक धातू आढळला' असं वाचाल तेव्हा हे विचारा की कशाच्या तुलनेत, आणि कुठल्या रूपात. क्रोमियमचं सहा संयुजेचं रूप कर्करोगकारक आहे, तीन संयुजेचं तसं नाही, आणि नेहमीच्या तपासणीत दोन्ही एकाच आकड्यात येतात.

मुलाच्या खोकल्याबद्दल डॉक्टरांना दाखवाच. थंडी, विषाणू, दमा यातलं काय आहे ते मी इथून सांगू शकत नाही. पण धुरानं श्वासनलिका सुजते आणि असलेला दमा बळावतो यात शंका नाही. घरात काही गोष्टी आजच बदलता येतील. जाळी आणि फरशी कोरड्या झाडूनं झटकू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं साबणानं धुवा. डासांची कॉइल बंद करा, कारण बंद खोलीत एक कॉइल रात्रभरात डझनावारी सिगारेटींएवढे बारीक कण सोडते. मच्छरदाणी लावा. धूप-उदबत्ती खिडकी उघडी ठेवून. डिसेंबर-जानेवारीत खिडक्या पहाटे न उघडता ऊन चढल्यावर, दहा-अकरानंतर उघडा. सकाळच्या ऑटोसाठी एन-९५ मास्क कणांना अडवतो, मात्र तो चेहऱ्याला बसायला हवा, आणि मुलांना मोठ्यांचा मास्क बसत नाही. कापडी रुमालाचा यात फारसा उपयोग नाही.

मीटरचं सांगतो. बाजारातलं घरगुती मीटर लेझरच्या उजेडात कण मोजून अंदाज सांगतं. धुक्यात किंवा दमट हवेत ते आकडा फुगवतं, आणि विषाबद्दल ते काहीच बोलत नाही. प्रयोगशाळेची जागा ते घेणार नाही, पण एका कामाला ते उत्तम आहे: वेळ पकडायला. खिडकीत ठेवा आणि आठवडाभर तासातासाचे आकडे वहीत लिहा. रोज सकाळी सहा ते आठच्या दरम्यान एकाएकी उडी दिसली आणि वीस-तीस मिनिटांत उतरली, तर जवळच काहीतरी पेटतंय. गच्चीवर जाऊन बघा, धुराचा वेळेसकट फोटो काढा. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये साध्या प्रकरणाला ५,००० आणि मोठ्या ढिगाला २५,००० रुपये दंड ठरवून दिला आहे. महापालिकेच्या झोन कार्यालयात ही वही आणि फोटो घेऊन दोन-चार शेजाऱ्यांसह जा. झाडलोट करणाऱ्या माणसावर चिडू नका. त्याला ढीग उचलून न्यायला गाडी मिळत नाही म्हणून तो काडी लावतो. मागणी गाडीची करा, आणि कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटवर पाचोळ्याचा खड्डा करून द्या. पाऊस लागला की त्याचं खत होतं.

आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयाकडे एक लेखी अर्ज द्या, लागलं तर माहिती अधिकारात. शहरातल्या प्रत्येक केंद्रावरच्या बेन्झो-ए-पायरीन, आर्सेनिक, निकेल आणि शिशाच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी, महिन्यानुसार, कुठल्या पद्धतीनं मोजल्या त्यासह मागा. डिसेंबर, जानेवारी आणि मे हे महिने वेगळे पाहा. उत्तर हाती आलं की इथे टाका, आकडे कसे वाचायचे ते मी ओळीओळीनं सांगेन.